नराचा कोष, मादीचा कोष

(छत्रपती संभाजीनगर इथे झालेल्या कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरातल्या भाषणाचं शब्दांकन.)



फळ्यावर या सत्राचा विषय 'किड्यांमधले नर-मादी' असा लिहिलाय. तो वाचून मागच्या रांगेत जे हसू पसरलं ते मला इथपर्यंत ऐकू आलं. हसा खुशाल. मी एम.एस.डब्ल्यू. झालेली बाई. पोटगीचे अर्ज, मारहाणीच्या तक्रारी, सातबाऱ्यावर बाईचं नाव लावायचं म्हणून तलाठ्याकडे हेलपाटे, हे माझं रोजचं काम. किड्यांशी माझा संबंध बारावीच्या प्रॅक्टिकलला संपला होता. तरी हा विषय मी मागून घेतला. का, ते आधी सांगते.

पैठण तालुक्यातल्या एका गावात आमच्या गटातल्या चौघीजणींनी मिळून तुती लावली आणि रेशीमकिडे पाळायला घेतले. पैठणीमुळे रेशीम हा शब्द आपल्याकडे जुना. पण रेशमाचा किडा मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या दारात आला तो अलीकडच्या काही दशकांत. २०१८ साली जालन्याला राज्यातली पहिली कोष बाजारपेठ सुरू झाली, त्यानंतर तर कापसाला कंटाळलेली बरीच घरं तुतीकडे वळली. आणि या धंद्यात काम बहुतेक बाईचंच. पाला तोडणं, आणणं, टाकणं, खालची घाण काढणं, किडा कात टाकायला बसला की पाला बंद करणं. तुम्ही कधी संगोपनगृहात गेला असाल तर तो आवाज आठवत असेल. हजारो अळ्या एका वेळी पाला खातात तेव्हा पत्र्यावर बारीक पाऊस पडल्यासारखं वाटतं.

तर तिथे एकदा प्रशिक्षण देणारे एक गृहस्थ आले होते. चांगला माणूस, बायकांना 'ताई' म्हणून समजावून सांगणारा. बोलता बोलता ते म्हणाले की नराच्या कोषात रेशमाचं प्रमाण मादीपेक्षा जास्त असतं. झालं. चौघींपैकी एकीची सासू तिथे बसली होती. या सुनेला तीन मुली. तिला आपण सुमन म्हणू. सासूबाई म्हणाल्या, "बघा, किड्यातबी नरच कामाचा. आन् आमच्या घरात तीन पोरी." सगळे हसले. सुमन पाला टाकत होती, ती टाकतच राहिली.

माझ्याकडे उत्तर तयार होतं. तुमच्याकडेही असतं. आपल्या सगळ्यांच्या पोस्टरवर ते आहे, पथनाट्यात आहे: मुलगा की मुलगी हे आई नाही, बाप ठरवतो. मी ते ठासून सांगितलं. क्ष आणि य गुणसूत्रं बोटांवर मोजून दाखवली. मी थांबले तसे ते प्रशिक्षक अगदी सरळ मनाने म्हणाले, "बरोबर आहे ताई, माणसात तसंच. पण रेशीमकिड्यात उलटं. तिथे मादीच ठरवते."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "आता बोला की."

मला बोलता आलं नाही. संध्याकाळच्या एस.टी.त खिडकीशी बसून मला दोन गोष्टींचा राग येत होता. एक, त्या बाईंनी मला गप्प केलं याचा. दुसरा जास्त खोल होता. ज्या उत्तरावर मी इतकी वर्षं उभी होते ते एका किड्याने हलवलं, म्हणजे ते उत्तर तेवढंच होतं की काय? म्हणून मी वाचायला घेतलं. पुण्यात प्राणिशास्त्र शिकवणारी माझी एक मैत्रीण आहे, तिला रात्री-अपरात्री फोन करून भंडावून सोडलं. जे समजलं ते तुमच्यापुढे ठेवते.

'बाप ठरवतो' हे आपण म्हणतो ते कळलं कसं, इथून सुरुवात करू. ते माणसाला तपासून आधी कळलं नाही. ते कळलं पिठातल्या अळीवरून. अमेरिकेत ब्रिन मॉर नावाच्या बायकांच्या कॉलेजात नेटी स्टीव्हन्स नावाची बाई संशोधन करत होती. १८६१ चा जन्म. आधी शाळेत शिकवून पैसे जमवले, मग पस्तिशीत विद्यापीठात गेली. म्हणजे ज्या वयात आपल्याकडे 'आता काय शिकायचं राहिलंय' म्हणतात त्या वयात. १९०५ साली तिने पिठात होणाऱ्या अळीचा जो भुंगा होतो, त्याच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्या. मादीच्या पेशीत वीस मोठी गुणसूत्रं. नराच्या पेशीत एकोणीस मोठी आणि एक बारकं. त्यामुळे नराच्या बीजात दोन तऱ्हा होतात, काहींत ते बारकं गुणसूत्र जातं, काहींत मोठं. मादीची अंडी मात्र सगळी एकसारखी. बारकं आलं की नर. आज ज्याला आपण य गुणसूत्र म्हणतो ते हे. त्याच वर्षी एडमंड विल्सन नावाचे शास्त्रज्ञही स्वतंत्रपणे याच दिशेला पोचले होते आणि पुढे बराच काळ पाठ्यपुस्तकांत नाव त्यांचंच ठळक राहिलं. नेटी स्टीव्हन्स १९१२ मध्ये स्तनाच्या कॅन्सरने गेली. गुणसूत्रांच्या कामाबद्दलचं नोबेल १९३३ साली टॉमस मॉर्गन यांना मिळालं, जे एके काळी तिचे शिक्षक होते. हे जरा बाजूचं झालं, पण आपल्या अंकात तिचं नाव छापून यायला हवं म्हणून सांगितलं.

म्हणजे आपल्या पोस्टरवरचं वाक्य एका बाईने पिठातल्या किड्यावरून मिळवून दिलं. आणि दुसऱ्या किड्याने ते माझ्या हातातून काढून घेतलं.

कारण सगळे किडे एका रीतीचे नाहीत. रेशीमकिडा, फुलपाखरं, पतंग यांच्यात गणित उलटं आहे. तिथे नराची दोन्ही गुणसूत्रं सारखी, त्यांना झेड म्हणतात. मादीकडे एक झेड आणि एक वेगळं, डब्ल्यू. तेव्हा अंड्यांच्या दोन तऱ्हा होतात आणि नराचं बीज सगळं एकसारखं. प्रशिक्षक बरोबरच बोलले होते. कोंबड्यांतही असंच आहे. मधमाशीत तर आणखीनच निराळं: राणीने घातलेल्या ज्या अंड्याला नराचं बीज मिळत नाही त्यातून नर निघतो. त्या नराला आजोबा असतो, बाप नसतो. घराण्याचं नाव कोण चालवणार म्हणून रडणाऱ्यांनी एकदा पोळ्याकडे बघावं.

आता रेशीमकिड्याच्या आत काय घडतं ते थोडं सावकाश बघू. जनुक म्हणजे पेशीतली लिहून ठेवलेली सूचना. झेड गुणसूत्रावर एक जनुक आहे, त्याला 'मॅस्क' म्हणतात. अंड्यातल्या जिवाला नराच्या वाटेवर नेणं हे त्याचं काम. पण झेड तर मादीकडेही आहे. म्हणजे नर होण्याची सूचना मादीच्या अंगातही लिहिलेली आहे. मग ती मादी कशी होते? डब्ल्यू गुणसूत्रात फारसं काही नाही, नुसता भरताड आहे, असं बराच काळ मानलं जात होतं. २०१४ साली टोकियो विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की त्या भरताडातूनच एक अगदी चिमुकली चिठ्ठी निघते, तिशीच्या आसपास अक्षरांची. तिचं नाव 'फेम'. मॅस्कची सूचना बाहेर पडली रे पडली की ही चिठ्ठी ती फाडून टाकायला लावते. सूचना फाटली, मादी झाली. शास्त्रज्ञांनी ती चिठ्ठी अडवून पाहिली तेव्हा मादीचं अंडंही आतून नराच्या वाटेने जायला लागलं. कोट्यवधी अक्षरांच्या त्या सगळ्या पोथीत नर आणि मादी यांच्यातला पहिला फाटा फुटतो तो एवढ्याशा ठिकाणी.

त्याच्या पुढची पायरी मला सगळ्यात आवडली, आणि शिवणवर्गातल्या बायकांना ती माझ्यापेक्षा लवकर समजली.

किड्यांच्या जगात 'डबलसेक्स' नावाचं एक जनुक आहे. फळांवर घोंघावणाऱ्या बारीक माशीत ते आधी सापडलं, कारण ते बिघडलं की माशी धड नर होत नाही, धड मादी होत नाही. नंतर ते रेशीमकिड्यात, मधमाशीत, डासात, भुंग्यात, जिथे शोधलं तिथे सापडलं. वरचा हुकूम कुठूनही येवो, य वरून, डब्ल्यू वरून की बीज मिळालं-न मिळालं यावरून, शेवटी येऊन पोचतो तो या जनुकापाशी. आणि हे जनुक नरातही आहे, मादीतही आहे, एकच. फरक होतो तो शिवणीत. जनुकाची जी नक्कल निघते ती लांबलचक कापडासारखी असते. पेशी त्यातले नको ते तुकडे कापून टाकते आणि उरलेले जोडते. मादीत एक तुकडा ठेवला जातो, नरात तोच तुकडा कापून टाकून पुढचा जोडला जातो. कापड एक, माप घेणारी एक, पण कळी कुठली घातली यावरून झंपर वेगळं होतं. या जोडकामातून जी दोन तऱ्हेची प्रथिनं तयार होतात ती पुढे शेकडो जनुकांना सांगत सुटतात: इथे मिशी दाट कर, इथे पोट मोठं कर, इथे वास तयार कर.

कोषातून पतंग बाहेर येतात तेव्हा हे सगळं डोळ्यांनी दिसतं. मादी जाड, पोट अंड्यांनी तटतटलेलं, जागची हलत नाही. नर सडपातळ, डोक्यावरच्या मिशा पिसासारख्या रुंद, सारखा फडफडत फिरणारा. दोघांनाही खाता येत नाही, उडताही येत नाही. मादी पोटाच्या टोकाकडून एक वास सोडते आणि नर त्या मिशांनी तो हुंगत येतो. हा वास काय आहे ते शोधायला आडोल्फ बूटेनांट या जर्मन शास्त्रज्ञाने जवळपास पाच लाख माद्या वापरल्या. १९५९ साली त्याचा छडा लागला. कापसात बोंडअळीसाठी आपण जे कामगंध सापळे लावतो ना, प्लॅस्टिकची पिशवी लोंबणारे, ते याच ज्ञानाचं पोर. आत मादीच्या वासाची गोळी असते आणि पिशवीत मरून पडतात ते सगळे नर.

आता सासूबाईंच्या मूळ मुद्द्याकडे. नराचा कोष चांगला, हे खरं का? मी नीट विचारून घेतलं. कोषातल्या निव्वळ रेशमाचं प्रमाण नरात जास्त, हे खरं. मादी खाल्लेल्यातला बराच वाटा अंड्यांसाठी राखून ठेवते. पण त्याच कारणाने मादीचा अख्खा कोष वजनाला जड भरतो. म्हणजे धागा काढणाऱ्या कारखानदाराला विचारलं तर तो म्हणेल नर बरा. किलोवर कोष विकणाऱ्या बाईच्या तराजूत मादीचा कोष बरा. आणि ज्या केंद्रात अंडीपुंज तयार होतात तिथे मादी नसेल तर उद्यापासून टाळंच. एका मादीची अंडी म्हणजे एक अंडीपुंज, चारशे-पाचशे अंडी. 'चांगला' हा शब्द किड्याच्या अंगात नसतोच. तो तराजू कोणाच्या हातात आहे त्याच्या तोंडात असतो.

आणि ज्याच्या हातात तराजू, तो निसर्गाला तसाच सोडत नाही. सोव्हिएत युनियनमध्ये स्त्रुन्निकोव्ह नावाच्या शास्त्रज्ञाने रेशीमकिड्याची अशी जात घडवली की तिच्यापुढच्या पिढीत माद्या अंड्यातच मरतात आणि बाहेर येतात ते नरच. जास्त रेशमासाठी. जपानमध्ये क्ष-किरणांचा वापर करून गुणसूत्रांचे तुकडे इकडचे तिकडे जोडले आणि अशा जाती केल्या की मादीच्या अंगावर खुणा येतात, नर कोरा राहतो, निवडायला सोपं. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. किड्यांच्या बाबतीत हा उद्योग आहे, मी त्याला पाप म्हणत नाही. पण आपण ज्या भागात काम करतो तिथे २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली निघाल्या होत्या. महाराष्ट्राने गर्भलिंगतपासणीविरुद्ध कायदा देशात सगळ्यात आधी केला, १९८८ साली. केंद्राचा १९९४ चा. २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. एवढं होऊनही हे ८०७. तिथे कुठल्या जनुकाने मुली कमी केल्या नव्हत्या.

फुलपाखराचं सांगायचं राहिलं, आणि ते सांगितल्याशिवाय मी खाली बसणार नाही.

तुमच्यापैकी ज्यांच्या दारात कढीपत्ता किंवा लिंबू आहे, त्यांनी पानावर आधी पक्ष्याच्या शिटेसारखी आणि मोठी झाल्यावर हिरवीगार होणारी अळी पाहिली असेल. जालना-पैठणकडच्या मोसंबीवाल्यांना तर ती फारच ओळखीची. तिचं जे काळं फुलपाखरू होतं त्याला इंग्रजीत 'कॉमन मॉर्मॉन' म्हणतात. त्यातला नर सगळीकडे एकसारखा, काळा, मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. मादी मात्र तीन रूपांत येते. एक अगदी नरासारखी. उरलेल्या दोन वेगवेगळ्या लाल ठिपक्यांच्या, दुसऱ्याच जातीच्या फुलपाखरांची हुबेहूब नक्कल. ज्यांची नक्कल करतात ती फुलपाखरं विषारी वेलीवर वाढतात, म्हणून पक्षी त्यांना तोंड लावत नाहीत. अंडी घेऊन जड उडणाऱ्या मादीला या सोंगाचा फायदा होतो, असं अभ्यासक सांगतात. साहेबांनी पाहिलं, एका नराभोवती तीन तऱ्हेच्या माद्या. त्या काळी अमेरिकेतल्या मॉर्मॉन पंथाचे पुरुष अनेक बायका करायचे, त्यावरून नाव दिलं मॉर्मॉन. फुलपाखराचं बारसंसुद्धा पुरुषाच्या डोळ्याने झालं. त्या माद्या कोणाच्या बायका नाहीत, एकमेकींच्या सवती तर नाहीतच.

ही तीन रूपं कशी येतात याचा शोध लावणाऱ्यांत एक आपला मराठी माणूस आहे, कृष्णमेघ कुंटे. बंगळूरच्या नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेसमध्ये ते काम करतात. 'एका रानवेड्याची शोधयात्रा' हे त्यांचं पुस्तक काहीजणींनी वाचलं असेल. २०१४ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या अमेरिकेतल्या सहकाऱ्यांनी दाखवलं की पंखांवरचं हे सगळं सोंग एकाच जनुकाच्या हातात आहे. आणि ते जनुक कुठलं? तेच, आपलं शिवणवालं डबलसेक्स. पुढच्या वर्षी जपानी संशोधकांनी मादीच्या पंखात त्याचा आवाज बंद करून पाहिला, तर तेवढ्या भागात नक्कल गेली आणि साधं, नरासारखं रूप उमटलं.

यातली गंमत पुढे आहे. नक्कल करणारं ते रूप नराच्या अंगातही असू शकतं. तो ते आयुष्यभर बाळगतो, पण त्याच्या पंखावर एक लाल ठिपका उमटत नाही. त्याच्याकडे बघून कोणाला कळणारही नाही. मग त्याच्या लेकीच्या पंखावर ते उघडतं. मुलगी तोंडवळ्याने कोणावर गेली हे नुसतं आईकडे बघून सांगता येत नाही, ते असं.

शेणकिड्यांचं थोडक्यात. त्यांच्या काही जातींत नराच्या डोक्यावर मोठी शिंगं असतात. पण सगळ्या नरांना नाही. अळी असताना ज्याला पोटभर शेण मिळालं त्यालाच शिंगं फुटतात. उपाशी राहिलेला नर जवळजवळ मादीसारखा बिनशिंगाचा राहतो. इथेही मधे डबलसेक्सच आहे. आणि त्यांच्याच जवळच्या एका जातीत मोठी शिंगं मादीला असतात, तिथे या जनुकाचं काम बरोबर उलटं झालंय. मला इथे मोह होतो की लगेच आपल्या मुलींच्या ताटाकडे वळावं. शेवटची भाकरी कोणाला, दूध कोणाला, ते आपण सगळ्या जाणतो. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. पण ते सांगायला मला शेणकिड्याची साक्ष लागत नाही, आणि मी ती काढणार नाही. कारण किड्याचं शरीर आपल्यासारखं चालतच नाही. किड्यात बहुतांशी प्रत्येक पेशी आपापली नर की मादी ते ठरवते. म्हणून कधी कधी असं फुलपाखरू सापडतं की डावा अर्धा नर, उजवा अर्धा मादी, मधोमध रेघ मारल्यासारखं. रेशीमकिड्यातही होतं. माणसात शरीरभर फिरणारी संप्रेरकं असतात, आणि त्याच्याही वर घर असतं, जात असते, शाळा असते, हुंडा असतो. किड्यावरून उडी मारून बाईवर यायचं ही सवय आपल्या विरोधकांची. 'निसर्गाचा नियमच आहे' असं म्हणणाऱ्याला विचारा, कोणाच्या निसर्गाचा? मधमाशीच्या, शेणकिड्याच्या की कढीपत्त्यावरच्या फुलपाखराच्या?

आता माझी अडचण. हे सगळं वाचून झाल्यावर मला कळलं की त्या दिवशी सासूबाईंपुढे मी हरले ते माहिती कमी होती म्हणून नाही. माझं उत्तरच कच्चं होतं. 'बाप ठरवतो' हे विज्ञान म्हणून बरोबर आहे, आणि ज्या बाईला मुली झाल्या म्हणून घराबाहेर काढतात तिच्यासाठी ते सांगावंच लागतं, मी उद्याही सांगेन. पण आपण ते ज्या सुरात सांगतो तो तपासा. आपण म्हणतो, दोष तिचा नाही, त्याचा आहे. म्हणजे दोष आहे, हे आपण मान्य करूनच टाकलं. मुलगी होणं हा गुन्हा, फक्त आरोपी बदलला. आणि 'ठरवतो' हा शब्द तरी खरा आहे का? बाप काय ठरवतो? क्ष पोचतं की य, यावर त्याचा काडीइतका ताबा नाही. रेशमाची मादी तरी काय ठरवते? कुठल्या अंड्यात डब्ल्यू जावं हे तिला कोणी विचारत नाही. आणि समजा माणसातही रेशीमकिड्यासारखंच असतं, आईच्या अंड्यावरच सगळं असतं, तर? तर सुमनला बोल लावणं योग्य ठरलं असतं का? आपलं पोस्टर त्या दिवशी फाडून टाकावं लागलं असतं का? यावर आज गटचर्चेत बोला. मला वाटतं पोस्टर बदलायला हवं; काहीजणींना तसं वाटणार नाही. नव्या कार्यकर्तीच्या हातात निदान एक पक्कं वाक्य असावं लागतं, असं एक मैत्रीण मला काल म्हणाली, आणि तिचंही खोटं नाही.

पुढच्या बॅचला मी परत गेले. या वेळी भाषण केलं नाही. सासूबाई होत्याच. मी त्यांना म्हटलं, "मावशी, तुम्ही म्हणत होता ते खरं निघालं, रेशीमकिड्यात मादीवरच असतं." त्या खूश झाल्या. मग विचारलं, "तुम्हाला किती लेकरं?" म्हणाल्या, "पाच. पहिल्या चार पोरीच, शेवटी ह्याचा बाप." आणि सुमनच्या नवऱ्याकडे बोट करायला म्हणून उचललेला हात मधेच थांबला. बराच वेळ पाला निवडत राहिल्या. मग कोणाकडे न बघता म्हणाल्या, "चौथीच्या येळी मला आठ दिस कुणी पान्याचं इचारलं नव्हतं." सुमन उठली आणि तिने त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या आणून ठेवला. तेवढंच झालं. त्यानंतर त्या बदलल्या वगैरे मी सांगणार नाही. परवाच फोनवर कळलं की चौथ्यांदा चान्स घ्यावा म्हणून त्यांचा घोशा चालूच आहे. सुमनने ऑपरेशन करून घ्यायचं ठरवलंय, नवऱ्याची सही लागते असं तिला कोणीतरी सांगितलं होतं, ते खोटं आहे हे मी तिला कळवलंय. आपल्यापैकी कोणीतरी तिच्यासोबत दवाखान्यात जायला हवं, मी त्या आठवड्यात कोर्टात आहे. जेवणाच्या सुट्टीत मला भेटा.

आणि हो, तिने तुमच्यासाठी ही टोपली पाठवलीय. पन्नास-साठ कोष आहेत. ब्लेडने टोकाकडून हलकेच कापायचे, आतला जीव सोलून निघणार नाही एवढं बघायचं. पोटाच्या बाजूने शेवटाकडच्या आठव्या वळ्यावर फुलीसारखी बारीक रेघ दिसली तर मादी, नवव्यावर नुसता ठिपका दिसला तर नर. बघून झाल्यावर कापसावर ठेवा, त्यातूनही पतंग निघतील. भिंगं दोनच आहेत, तेव्हा पाळीपाळीने.